बंडीला लागलेला वास

सुनिम आमच्याच इमारतीत नवव्या मजल्यावर राहते, आणि आमचं लाँड्रीचं दुकान त्याच इमारतीच्या तळाशी. त्यामुळे नवव्या मजल्यावर आज काय शिजतंय, ते लिफ्टचं दार उघडलं की मला कळायचं. शिजतंय म्हणजे जेवण नव्हे, मेण. एखाद्या दिवशी दालचिनी, एखाद्या दिवशी संत्र्याची साल, कधी नुसता देवदार. आमचे हे इस्त्री करता करता ओरडायचे, "वरच्या बाईने आज परत जंगल पेटवलं वाटतं!"

आधी ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. वर्षानुवर्षं मोठमोठ्या कढयांपुढे उभं राहून तिच्या केसांत तेलाचा वास इतका मुरला होता, की बसमध्ये शेजारी बसलेली पोरं विचारायची, "काकू, आज कटलेट होतं का?" ती हसून सांगायची खरी, पण घरी आली की आधी डोकं धुवायची, मग चहा. नंतर आमच्या गुनसान बंदरातला जहाजाचा कारखाना बंद पडला आणि तिचा नवरा गापचोल वेल्डिंगच्या कामासाठी पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या उल्सान शहरात गेला. मुलगी लग्न होऊन आधीच दूर होती. त्याच सुमारास शाळेने स्वयंपाक बाहेरच्या कंत्राटदाराला दिला आणि सुनिम घरी बसली. महापालिकेच्या फुकट वर्गाला जाऊन मेणबत्त्या करायला शिकली, ती इतकी रमली की काचेच्या बंद बाल्कनीतून कुंड्या हलल्या आणि तिथे मेणाची पातेली आली.

ती काम करताना बघायला मला आवडायचं. सोयाबीनच्या मेणाचा पांढरा चुरा पातेल्यात वितळवायचा, थोडा निवू द्यायचा, मग त्यात सुगंधी तेल घालून हळूहळू ढवळत राहायचं. घाई केली तर वास उडून जातो आणि उशीर केला तर मेणात धरत नाही. पेल्यात वात सरळ उभी राहावी म्हणून ती जेवणाच्या काड्यांच्या चिमटीत पकडायची. ओतून झालं तरी मेणबत्ती लगेच लावायची नाही, काही दिवस झाकून मुरू द्यायची. "लोणच्यासारखं आहे ताई," ती म्हणायची, "फक्त खायचं नाही."

आणि बाई सरळ. एकदा तिच्या मेणबत्त्यांचा घाणा बिघडला, लावल्या की काजळी धरायला लागल्या. कुणी तक्रार केली नव्हती. तरी ही प्रत्येक मजल्यावर जाऊन, दार वाजवून त्या परत घेऊन आली. "घाण झाल्यात, लावू नका," एवढंच सांगायची.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते अशा बाईच्या हातून घडलं.

उन्हाळा सरत आला होता. मी तिचे धुतलेले पडदे द्यायला वर गेले, तर दारात एक मुलगी उभी. तिशी ओलांडलेली, खांदे रुंद, केस ओले. तिचं नाव उनसोल. पालिकेच्या तरणतलावावर पोहायला शिकवायची. छातीशी एक प्लास्टिकची पिशवी धरलेली, तिच्या आत आणखी एक पिशवी, दोन्ही घट्ट बंद.

"मावशी, सांगू तो वास तुम्ही बनवून देता म्हणे?"

"फुलांचा देते, फळांचा देते. तुला कशाचा हवाय बाळा?"

"आईचा."

तिची आई मासळी बाजारात सुकी मासळी विकायची. मागच्या हिवाळ्यात गेली. पिशवीत तिची जांभळी बंडी होती, कापूस भरलेली, बाजारातल्या सगळ्या बायका थंडीत घालतात तसली. उनसोलने ती धुतली नव्हती. फार आठवण आली की पिशवीचं तोंड जरासं उघडायची, एक श्वास घ्यायची, बंद करायची.

"पण दर वेळी थोडा कमी होतोय," ती म्हणाली. "संपायच्या आधी त्याची मेणबत्ती करून घ्यावी म्हटलं. वर्षश्राद्धाला लावीन."

सुनिम म्हणाली, "सुक्या मासळीची मेणबत्ती? अगं, ती लावलीस तर सगळ्या शहरातली मांजरं दारात येऊन बसतील."

उनसोल मोठ्याने हसली. "आई पण हेच म्हणाली असती." मग म्हणाली, "नुसती मासळी नाही हो. पाठीला लावायची ती दुखण्याची औषधी पट्टी, भाजलेले तीळ, आणि कसली तरी पावडर. लहानपणी मी तिला शाळेच्या फाटकाशी उभी राहू द्यायचे नाही, वास येतो म्हणून. आता तोच जपत बसलेय."

सुनिमने आधी नाहीच म्हटलं. असलं काम आपण कधी केलेलं नाही, जमेल याची खात्री नाही, असं तीन-तीनदा सांगितलं. पण उनसोल पिशवी पुढे धरून उभीच राहिली. शेवटी सुनिमने दोन्ही हातांनी ती घेतली. "खिडक्या लावून मगच उघडा हं मावशी, आणि लगेच बंद करा," असं बजावून मुलगी गेली.

सुरुवातीला सुनिमने ती बंडी देवासारखी जपली. बाल्कनीत न ठेवता झोपायच्या खोलीच्या कपाटात ठेवली. वास घ्यायच्या आधी तोंड धुवायची, हात धुवायची, कपडे बदलायची. औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, तीळ भाजले, कापूर घातला, खारट वाऱ्यासारखा वास असलेलं एक तेल कुठूनसं मागवलं. बशीभर मेणात करून बघायची, फेकून द्यायची. "जवळ जातेय, पण हाताला लागत नाही," म्हणायची. शेवटी त्यातल्या त्यात बरा वाटला तो एक पेला ओतून बाल्कनीत मुरायला ठेवला.

तेवढ्यात छुसकचा, सुगीचा सण आला. एका कॉफीच्या दुकानाने भेट म्हणून द्यायला ढीगभर मेणबत्त्या सांगितल्या, लॅव्हेंडर आणि संत्र्याच्या. बाल्कनीत पेलेच पेले झाले. त्या दिवशी दुपारी तिच्या मेणबत्तीचा आणि बंडीचा वास शेजारी शेजारी ताडून बघावा म्हणून तिने पहिल्यांदाच बंडी बाल्कनीत नेली. पिशवी उघडली, आणि फोन वाजला. गापचोलच्या हातावर वितळलेलं लोखंड उडालं होतं, त्याला दवाखान्यात नेत होते. सुनिम होती तशी निघाली. गॅस बंद केला, दार ओढलं, माझ्याकडे किल्ली टाकली आणि बस पकडली. पिशवी तशीच उघडी राहिली.

नवऱ्याचा हात वाचला. दोन-तीन दिवसांनी ती परत आली. बंद बाल्कनीत, उन्हाने तापलेल्या हवेत, ताज्या ओतलेल्या त्या सगळ्या मेणबत्त्यांच्या मधोमध बंडी पडली होती.

ती ओंजळीत धरून सुनिम थेट दुकानात आली. तोंडाला रंग नव्हता.

"ताई, यातला लॅव्हेंडर काढता येईल का?"

मी नाकाशी धरली. लॅव्हेंडर, संत्रं. बाकी काही नाही. "धुतली तर जाईल की."

"धुवायची नाही. नुसता वरचा वास काढायचाय. खालचा ठेवून."

आमचे हे इस्त्री बाजूला ठेवून आले. त्यांनी बंडी उलटीपालटी केली, दोन बोटांत कापूस दाबून बघितला. "सुनिम, डाग असता तर काहीतरी केलं असतं. वासाचे असे थर नसतात. मोकळ्या वाऱ्यावर टाकलीस तर दोन्ही जातील."

"दाजी, काहीतरी असेल ना."

"नाही," ते म्हणाले. आणि तिचा चेहरा बघवेना म्हणून असेल, पुढे म्हणाले, "बंद कर पिशवीत आणि देऊन टाक. नाहीतरी तो वास संपतच आला होता, ती पोर स्वतःच म्हणाली ना?"

सुनिम बंडी घेऊन वर गेली. पुढे कितीतरी दिवस लिफ्टला कसलाच वास आला नाही.

उनसोल मेणबत्ती न्यायला आली त्या दिवशी मी तिथे नव्हते. संध्याकाळी सुनिमने सांगितलं तेवढंच मला माहीत. मुलीने आधी मेणबत्ती हुंगली, डोळे मिटून. मग पिशवीचं तोंड उघडून एक श्वास घेतला. मग पुन्हा मेणबत्ती. आणि तिला रडूच कोसळलं. "अगदी तोच मावशी! अगदी तोच! आईच्या अंगाला लॅव्हेंडरचा वास होता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं बघा."

सुनिम तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. दुसरं काय करणार होती, मी म्हटलं. तिने मान खाली घातली.

मेहनतीबद्दल सुनिमने काही घ्यायला साफ नकार दिला. म्हणून उनसोल दुसऱ्या दिवशी बाकदेची एक जुडी ठेवून गेली, आईच्या दुकानातली उरलेली चपटी सुकी मासळी. गुनसानमध्ये त्याहून चांगली भेट नाही. सुनिमच्या घरी ती खिळ्याला लटकली ती लटकलीच. गापचोल हात बरा होईपर्यंत घरी आला होता. तो म्हणायचा, "अगं भाज ना एखादी, बघून बघून जीव चाललाय." तर ही म्हणायची, "ती आपली नाही." त्याला वाटायचं, हिला झालंय तरी काय!

मलाही तेच वाटायचं. चूक झाली, खरंय. पण नवऱ्याचा हात भाजला असताना पिशवी बंद करायची कुणाला सुचणार? मी हे तिला दहा वेळा ऐकवलं. ती ऐकायची आणि म्हणायची, "तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती ताई." तेवढंच म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. तिच्या अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. उनसोल मधूनमधून फोन करायची, "मावशी, जेवलात का?" म्हणून. तो फोन आला की सुनिम उभ्याउभ्याच बोलायची, कुणी वरिष्ठांसमोर उभं करावं तशी.

मग एक दिवस उनसोलच्या ओळखीची एक बाई आली, तिचा नवरा नुकताच गेला होता. हातात घडी केलेला शर्ट. "उनसोलने सांगितलं, तुमच्या हातात जादू आहे." सुनिमने दारातच दोन्ही हात मागे घेतले. "घरी घेऊन जा," म्हणाली, "कुणाला देऊ नका. मला तर मुळीच नको." बाई बिचारी गोंधळून लिफ्टमध्ये शिरली. आणि तिच्या मागोमाग सुनिम जिन्याने धडाधड खाली माझ्याकडे आली.

"ताई, तुमची गाडी आहे का? मला तलावावर सोडा."

दुकानाच्या गाडीत टांगलेल्या कोटांच्या मधे ती बसली. श्राद्ध आठवड्यावर आलं होतं.

तलावावर म्हाताऱ्यांचा वर्ग चालला होता. दहा-बारा आज्या रबरी टोप्या घालून पाण्यात उड्या मारत होत्या आणि उनसोल काठावरून शिट्टी वाजवत होती. आम्हाला बघून ती खुलली. "अरे वा! मावशी, शिकायचंय? टोपी आणलीय का?"

"बोलायचं होतं ग."

आज्यांना पाय हलवत राहायला सांगून ती आमच्याजवळ बाकावर येऊन बसली. सुनिमने आडपडदा ठेवला नाही. पिशवी उघडी टाकून उल्सानला गेले, आले तेव्हा तुझ्या आईचा वास गेलेला होता, आता बंडीत आहे तो माझ्या मेणबत्त्यांचा, असं एका दमात सांगून टाकलं.

उनसोलने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कोरडेच हात पुसत राहिली.

"लॅव्हेंडर," ती म्हणाली.

"हो."

"मी आत्याला सांगितलं, आई शेवटी शेवटी लॅव्हेंडरचा साबण वापरायची म्हणून. आत्या म्हणाली, असेल बाई." ती पाण्याकडे बघत होती. मग तिने मान हलवली. "काकांचा हात भाजला होता. मी पण तशीच पळाले असते. जाऊ दे मावशी. झालं ते झालं."

तिला ते जड जात होतं, पण ती मनापासून म्हणत होती. मी सुनिमची बाही ओढली. सुटलीस, चल आता, अशा अर्थाने. सुनिम हलली नाही.

"अजून आहे," ती म्हणाली. "तुझ्या मेणबत्तीत आधी लॅव्हेंडर नव्हतं. मी नंतर घातलं. तू यायच्या आधी पुन्हा वितळवून, मोजून घातलं. बंडीशी जुळावं म्हणून. तुला कळू नये म्हणून."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. बाकाच्या टोकाशी मी बसले होते, तिथून उठावंसं वाटलं.

उनसोलचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे मी रडत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात."

"हो."

"मग आज का सांगताय? आठवड्यावर श्राद्ध आलंय आणि आज सांगताय? मला चुकीचा का असेना, पण वास तरी होता! आता तुम्ही घरी जाल, मोकळ्या होऊन झोपाल. मी काय हुंगू?"

पाण्यातून एक आजी ओरडली, "बाई, अहो पायात गोळे आले! अजून किती वेळ लाथा मारायच्या?" उनसोल उठली. शिट्टी तोंडात घातली, पण ती वाजायला दोनदा फुंकावं लागलं. पुन्हा तिने आमच्याकडे बघितलं नाही.

परतताना गाडीत सुनिम एवढंच म्हणाली, "मोकळ्या होऊन झोपाल, म्हणाली."

श्राद्धाच्या आधी ती मासळी बाजारात जाऊन आली. उनसोलच्या आईची जागा शोधत होती, एखादं फडकं, एखादी उशी राहिली असेल या आशेने. त्या गाळ्यात आता चपला विकायला होत्या. शेजारच्या मासळीवालीला तिने विचारलं, तुमची मैत्रीण कुठली पावडर लावायची हो? ती म्हणाली, "बाई, आम्हाला एकमेकींचा वास कसा येणार? आम्ही सगळ्याच मासळीच्या." सुनिम रिकाम्या हाताने परत आली. श्राद्धाला मेणबत्त्या लागल्या असतील त्या साध्या, पांढऱ्या, दुकानातल्या. आम्हाला कुणी काही कळवलं नाही, आणि का कळवावं?

मेण, पेले, तेलाच्या बाटल्या सुनिमने महापालिकेच्या त्या वर्गाला देऊन टाकल्या. गापचोल चिडला, "बाटल्यांनी काय घोडं मारलं होतं तुझं?" वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. पुन्हा कढया, पुन्हा तेल. आता मात्र घरी आल्यावर ती डोकं धुवायची घाई करीत नाही.

हिवाळा गेला. चेरी फुलली तेव्हा एक दिवस उनसोल दुकानात आली. बंडी हातावर टाकलेली होती, पिशवीबिशवी नाही.

"काकू, ही धुवायची आहे."

"नक्की ना? एकदा पाण्यात गेली की मग..."

"आता त्यात राहिलंय काय? मी घालणार आहे. तलावातून बाहेर आलं की गार लागतं." मग तिने अस्तर उलटून मला दाखवलं. काखेत जाड दोऱ्याची शिवण होती, ओबडधोबड. "ही तेवढी उसवू देऊ नका. तिच्या हातची आहे."

मी ती मशीनमध्ये घातली नाही. बिनवासाच्या साबणाने, कोमट पाण्यात, हाताने धुतली. सुनिमला सांगू की नको, असं झालं, पण सांगितलं. ती म्हणाली, "मी धुऊ?" मी म्हटलं, "तू नको." तरी ती दुकानात स्टुलावर बसून राहिली, बंडी पिळून वाळत घालेपर्यंत.

उनसोल न्यायला आली तेव्हाही ती तिथेच होती, आश्रमाचे एप्रन टाकायला आलेली. मी मुद्दाम गाठ घातली नव्हती. सुनिम स्टुलावरून उठून उभी राहिली. उनसोलने वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी मान वाकवली. कमी नाही, जास्त नाही.

तिने बंडी तिथेच अंगात घातली. खांद्यात आवळत होती. आमचे हे म्हणाले, "आई बारीक होत्या वाटतं?"

"नाही हो, मीच म्हशीसारखी वाढलेय." ती हसली, आणि हसता हसता तिची नजर सुनिमवर गेली. हसू थांबलं. "मावशी, माझा राग अजून गेलेला नाही."

"असू दे," सुनिम म्हणाली.

"जाईल की नाही, माहीत नाही."

"असू दे ग."

उनसोलने बंडीची बटणं लावली, वरचं एक लागलं नाही ते तसंच सोडलं, मला वाकून नमस्कार केला आणि निघाली. दार लागल्यावर मी सुनिमला म्हटलं, "बोलली तरी तुझ्याशी."

सुनिमने एप्रनचं गाठोडं काउंटरवर ठेवलं. "बोलली ती तिच्या चांगुलपणाने," ती म्हणाली. "मी लॅव्हेंडर घातलं ते घातलंच ना ताई." मग एप्रन गुरुवारपर्यंत लागतील, असं सांगून ती कामावर गेली.